पेन्सिलीने लिहिलेले अर्थ

सकाळचे सात वाजले आहेत. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड या तालुक्यांतून आलेल्या एसटी गाड्या एकामागून एक रिकाम्या होत आहेत आणि उतरणाऱ्यांत महाविद्यालयाकडे निघालेली मुले-मुली मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचे इंग्रजीचे पाठ्यपुस्तक उघडले, तर दोन ओळींमधल्या अरुंद जागेत पेन्सिलीने लिहिलेले मराठी अर्थ दिसतात. पहिल्या पानावर ते दाटीवाटीने असतात, दुसऱ्यावर विरळ होतात आणि चौथ्या-पाचव्या पानानंतर बहुधा दिसेनासे होतात. पुढची पाने कोरी राहतात, कारण वाचनच तिथे थांबलेले असते.

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. म्हणजे आज प्रथम वर्षाच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याने ही भाषा बारा वर्षे अभ्यासलेली असते. तरीही या भागातल्या वर्गात शिक्षकांच्या कानांवर एक वाक्य वरचेवर पडते : “वाचाय येतंय सर, पण कळंना झालंय.” हे वाक्य आळसाची कबुली समजून सोडून देणे अन्यायाचे आहे. आपली अडचण नेमकी कुठे आहे हे त्या विद्यार्थ्याने अचूक सांगितले आहे. अक्षरे ओळखून शब्द उच्चारणे त्याला जमते. उच्चारलेल्या शब्दांचे वाक्य आणि वाक्यांचा विचार होत नाही.

मुळात हा विद्यार्थी इंग्रजी वाचतो कशासाठी? कॅनडातील रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लँबर्ट या अभ्यासकांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात भाषा शिकण्यामागच्या दोन प्रेरणा मांडल्या होत्या. ती भाषा बोलणाऱ्या समाजाशी जवळीक साधावी, ही एक, आणि त्या भाषेच्या बळावर नोकरी, पदवी किंवा प्रतिष्ठा मिळवावी, ही दुसरी. कोल्हापुरात मंडईपासून तालमीपर्यंत सारे व्यवहार मराठीत होत असल्यामुळे पहिल्या प्रेरणेला इथे फारसा आधार नाही. इथली प्रेरणा बँकेच्या परीक्षेची, गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील मुलाखतीची आणि पुण्यात नोकरी मिळेल या आशेची आहे. ती कमी प्रतीची आहे असे आम्हाला वाटत नाही. आई-वडिलांनी शेतात राबून पाठवलेल्या मुलाने नोकरीचा विचार करणे अगदी रास्त आहे. मात्र हेतू जसा असतो, तशी वाचनाची पद्धत घडते. विद्यापीठाचा पेपर सुटणे एवढाच हेतू असेल, तर गाईडमधले उत्तर पाठ करणे पुरेसे ठरते, आणि मग मूळ धडा न उघडणारा विद्यार्थी आपल्या हेतूशी सुसंगतच वागत असतो. त्याला दोष देण्याआधी प्रश्नपत्रिका काय मागते, हे पाहिले पाहिजे.

परंतु हेतू बदलला तरी पान सोपे होत नाही. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी मार्सेला हू यांनी 2000 मध्ये असे मांडले की, एखादा मजकूर कोणाच्या मदतीशिवाय समजून वाचायचा असेल, तर त्यातील सुमारे 98 टक्के शब्द वाचकाला माहीत असावे लागतात. याचा अर्थ पन्नास शब्दांमागे एक अनोळखी शब्द, म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर सहा. आपण सुरुवातीला पाहिलेल्या पहिल्या पानावरचे पेन्सिलीचे अर्थ मोजावेत, म्हणजे हे अंतर किती मोठे आहे ते कळेल. “संदर्भावरून अर्थ ओळखा” हा सल्ला अशा विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही, कारण ज्या शब्दांनी संदर्भ उभा राहायचा, तेच शब्द त्याच्यासाठी बंद असतात.

शब्द उघडले तरी वाक्याची रचना आडवी येते. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि आपला कान त्याची वाट पाहत वाक्य ऐकतो. “द फार्मर हू सोल्ड द केन बॉट अ ट्रॅक्टर” हे वाक्य घ्या. शब्दाला शब्द ठेवत जाणारा विद्यार्थी “शेतकरी, कोण, विकला, ऊस, विकत घेतला, ट्रॅक्टर” इथे येऊन अडतो. ‘हू’ म्हणजे ‘कोण’ हे त्याने पाचवीत पाठ केलेले असते, म्हणून विधानात तो प्रश्न शोधू लागतो. “ज्या शेतकऱ्याने ऊस विकला, त्याने ट्रॅक्टर घेतला” ही मराठीची जो-तो रचना शेजारी मांडून दाखवली, आणि आधी मुख्य क्रियापद शोधायची सवय लावली, तर हा गुंता थोड्या वेळात सुटतो. इंग्रजीच्या तासाला मराठी वर्ज्य मानणाऱ्यांनी याचा मनापासून विचार करावा.

याच मुलाच्या हातात मराठी वर्तमानपत्र दिल्यावर तो कसा वाचतो, तेही पाहण्यासारखे आहे. तो आधी मथळे चाळतो, ऊसदराची बातमी हेरतो, आकडा कुठे आहे तिथे थेट जातो, एखादा बोजड शब्द आला तर तो ओलांडून पुढे सरकतो आणि पटले नाही तर मागे येऊन पुन्हा वाचतो. वाचनाची कौशल्ये म्हणून अभ्यासक्रमात जी शिकवली जातात, त्यांतली बरीचशी त्याच्याकडे आधीपासूनच आहेत. इंग्रजीच्या पानासमोर ती गळून पडतात, कारण तिथे प्रत्येक शब्द परीक्षेत विचारला जाईल अशी धास्ती असते.

राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, 1901 पासून, कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृहांची परंपरा उभी राहिली. वसतिगृहाच्या खोलीत एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मराठीत सांगायचे आणि तिसऱ्याने “पुन्हा सांग” म्हणायचे, ही रीत खेड्यातून आलेल्या मुलांना परकी नाही. समजून वाचण्याची ही उत्तम पद्धत आहे, आणि महाविद्यालयाच्या वेळापत्रकात तिला एक तास मिळायला हवा.

करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना 1850 मधली. शिवाजी विद्यापीठात बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचे मोठे ग्रंथालय आहे. या शहरात पुस्तकांची वाण नाही. विद्यार्थ्याला हवी आहेत ती मर्यादित शब्दसंख्येत, सोप्या इंग्रजीत लिहिलेली लहान पुस्तके. एकोणीस वर्षांच्या मुलाला असे पुस्तक चारचौघांत हातात धरायला संकोच वाटतो. शिक्षकांनी स्वतः तीच पुस्तके वर्गात आणून वाचली, तर हा संकोच बराच कमी होईल.

आणि ती पेन्सिल? ती काढून घेऊ नये. अडलेल्या शब्दावर अर्थ न लिहिता फक्त एक ठिपका द्यावा, परिच्छेद शेवटपर्यंत वाचावा आणि मग मागे यावे. काही ठिपक्यांचा उलगडा पुढच्या ओळींनी केलेला असतो. उरलेल्यांतले जे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात, तेवढ्यांसाठी शब्दकोश उघडावा. शाहूवाडीकडे जाणारी संध्याकाळची गाडी सुटेपर्यंत एवढ्या अवधीत एक पान वाचून होते.