डिन: न थांबणारा आवाज

(काळा पडदा. एक यंत्र सुरू होतं, मग दुसरं, मग तिसरं. त्यात माणसांची बोलणी मिसळतात.)

आत्ता जे कानावर आदळतंय, त्याला इंग्रजीत तीन अक्षरांचा शब्द आहे. डी, आय, एन. डिन.

शब्दकोशात पाहिलं तर कधीकधी 'मोठा आवाज' एवढाच अर्थ हाती लागतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. दार धाडकन आपटलं, बंदुकीचा बार झाला. आवाज कितीही मोठा असो, इंग्रजी बोलणारा त्याला डिन म्हणणार नाही. तो 'बँग'. डिन चालू राहावा लागतो. तो चहूबाजूंनी येतो, त्यात बहुधा अनेक आवाज एकमेकांत कालवलेले असतात आणि आपल्याला जे ऐकायचंय ते त्याखाली बुडून जातं. एकाच इंजिनाची अखंड धडधड असेल तर तिलाही डिन म्हणता येतं, एका धडाक्याला मात्र नाही. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: गोंगाट.

आधी उच्चार. यातला इकार ऱ्हस्व आहे आणि मराठी माणूस नेमका इथे घसरतो. वकील, गरीब, जमीन अशा शब्दांमुळे शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार दीर्घ करायची आपल्या हाताला आणि जिभेला सवय असते. पण 'डीन' म्हटलं की ते महाविद्यालयाचे अधिष्ठाता होतात. शिवाय इंग्रजी 'डी' आपल्या 'दिवस'मधला द नाही आणि 'डबा'मधला डही नाही. जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकवायचं, टाळूकडे वळवायचं नाही.

(दृश्य: दोन माणसं यंत्रांच्या आवाजात एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत आहेत.)

आता वापर. समोरासमोरचं साधं बोलणं साधारण 60 डेसिबलच्या आसपास असतं. भोवतालचा आवाज त्याच्या वर गेला की माणूस आपोआप स्वर चढवतो. डिनसोबत येणारी ठरीव जोड याच अनुभवातून आली आहे: 'अबव्ह द डिन', 'ओव्हर द डिन'. 'आय शाउटेड ओव्हर द डिन', म्हणजे गोंगाटातूनही ऐकू जावं म्हणून मी ओरडलो. गोंगाट करणं म्हणजे 'मेक अ डिन'. गोंगाट कशाचा, हे 'ऑफ' लावून सांगायचं: 'द डिन ऑफ ट्रॅफिक'. विशेषण लावायचं तर डेफनिंग, कॉन्स्टंट, टेरिबल. 'बिग डिन' चुकीचं आहे असं व्याकरण म्हणणार नाही, पण कानाला खटकतं. अनेकवचन जवळपास कुणी करत नाही. आणि मोजमापाच्या भाषेत हा शब्द शिरत नाही. तिथे 'नॉइज लेव्हल' म्हणतात, 'डिन लेव्हल' कधीच नाही.

भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत तो संसदेच्या बातम्यांमध्ये हमखास भेटतो: 'बिल पास्ड अमिड डिन'. मराठी वार्ताहर तिथे 'गदारोळात विधेयक मंजूर' असं लिहितो आणि ते योग्यच आहे. 'अमिड'नंतरचा 'द' मात्र मथळ्यात जागेसाठी गाळलेला असतो. पूर्ण वाक्यात तो परत आणायचा.

शेजारचे शब्द पाहिले की याच्या कडा स्पष्ट होतात. 'नॉइज' सर्वसाधारण, छायाचित्रातल्या दाणेदारपणालाही नॉइज म्हणतात. 'हबब' म्हणजे गर्दीचा गलका, त्यात त्रास असेलच असं नाही. 'क्लॅमर'मध्ये ओरडण्यामागे बहुधा मागणी असते. 'अपरोर' हा गदारोळ, संतापाचा किंवा खळबळीचा. 'रॅकेट' बोलीतला, वैतागून वापरलेला. 'कॅकॉफनी'त आवाजांचा बेसूरपणा महत्त्वाचा, मोठेपणा नंतर. डिनला ना मागणी लागते, ना संताप. आवाज थांबत नाही, एवढीच त्याची अट.

(दृश्य: खडकांवरून कोसळणारी नदी.)

हा शब्द इंग्रजीत बाहेरून आलेला नाही. जुन्या इंग्रजीत तो 'डुने'सारखा उच्चारला जाई, आणि त्याचं क्रियापद होतं 'डुनियन', म्हणजे दुमदुमणं. बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी काव्यात नायक आणि ग्रेंडेल हा राक्षस यांची झुंज जुंपते तेव्हा राजाचा महाल दुमदुमतो. तिथे हेच क्रियापद आलं आहे. त्यात तक्रारीचा सूर नाही. या शब्दाला कुरकुर पुढे चिकटली.

त्याही मागे गेलं तर वाट आपल्या घराशी येते. ज्या मुळातून डिन आला, त्याच मुळातून संस्कृतमधला 'धुनि' आला, म्हणजे गर्जणारा. ऋग्वेदात मरुतांना, म्हणजे वादळाच्या देवांना, 'धुनयः' म्हटलं आहे. आपला ध्वनीही याच कुळातला. संस्कृतमध्ये ध, तिथे इंग्रजीत ड: विधवा आणि विडो, मध्य आणि मिड, मधु आणि मधाची दारू 'मीड'. ध्वनिबदलाचे हे नियम जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमने 1822 मध्ये व्यवस्थित मांडले. 'दिन' म्हणजे दिवस, त्याचा मात्र याच्याशी काही संबंध नाही. मोठ्या अक्षरांतला 'डी आय एन' हाही निराळा, तो जर्मन मानक संस्थेचा. 

राहिलं क्रियापद. आजच्या इंग्रजीत ते बहुतेक एकाच रचनेत सापडतं: 'डिन समथिंग इंटू समवन'. एखादी गोष्ट कुणाला इतक्या वेळा सांगायची की ती डोक्यात बसलीच पाहिजे. 'इट वॉज डिन्ड इंटू अस', म्हणजे ते आमच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं गेलं. मराठी वाक्प्रचारातही आवाज आणि पुनरावृत्ती एकत्र आहेत, म्हणून हे भाषांतर इतकं चपखल बसतं. 'इंटू' विसरू नका. नुसतं 'डिन्ड अस' म्हटलं तर अर्थ लागत नाही.

लिहिताना 'एन' दोनदा. त्या जोड 'एन'मुळेच आधीचा इकार ऱ्हस्व राहतो. एक 'एन' गाळलात की शब्द 'डाइन्ड' होतो, आणि कानीकपाळी ओरडणारी माणसं जेवायला बसतात.