मोर्चा अडतो तिथून पुढे

(दृश्य: डिसेंबर, दुपार. मॉरिस कॉलेज टी-पॉइंट. बॅरिकेड्स, रस्त्यावर बसलेल्या अंगणवाडी सेविका.)

नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन लागलं की यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघू लागतात. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, धानाला भाव मागणारे भंडारा-गोंदियाचे शेतकरी. विधानभवन हाकेच्या अंतरावर असतं, पण मोर्चा टी-पॉइंटवर, नाहीतर टेकडी रोडवर अडतो. चार-पाच जणांचं शिष्टमंडळ आत जाऊन निवेदन देऊन येतं. बाकीचे रस्त्यावरच बसतात, डबे सोडतात, घोषणा देतात. त्यांच्यापैकी कुणीच पुढे जात नाही. गेलीच तर त्यांची बातमी जाते.

विदर्भ महाराष्ट्रात यायचं ठरत होतं, तेव्हा २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. विधिमंडळाचं वर्षातून एक तरी अधिवेशन नागपुरात घ्यायचं, असं त्यात लिहिलेलं आहे. त्यामुळे सरकार येतं, आणि सरकारामागे मुंबईचे कॅमेरेही येतात. सरकार परतलं की तेही परततात.

(दृश्य: सीताबर्डी, गोवारी शहीद स्मारक.)

२३ नोव्हेंबर १९९४. अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला आलेला गोवारी समाजाचा मोर्चा इथे अडवला गेला. चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरं जास्त. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पंचवीसहून अधिक वर्षांची ही लढाई आपल्यापर्यंत आली ती बहुतेक २३ नोव्हेंबरच्या श्रद्धांजलीच्या फोटोतून. गुरं राखणाऱ्या या समाजाची मुलं मधल्या काळात कुठल्या दाखल्यावर शिकली, कुठे अडली, हा विषय माध्यमांनी वर्षभर लावून धरायला हवा होता.

ज्यांची बातमी कुणी घेत नाही, त्यांना स्वतःचं वृत्तपत्र काढावं लागतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला त्या काळच्या एका मोठ्या पत्राने नकार दिला होता. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात, राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. पत्र आणि परिषद एकाच वर्षी उभी राहिली, याला आमच्या मते फार अर्थ आहे.

(दृश्य: दीक्षाभूमी, गर्दी.)

आता २००६ कडे या. २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर. तीन दिवसांनी, २ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनाच्या पन्नाशीचा सोहळा होता. लाखो माणसं जमली होती. भंडारा इथून साठेक किलोमीटर. तरी त्या गर्दीतल्या बहुतेकांना या हत्याकांडाची खबर नव्हती. सुरुवातीच्या बातम्या त्रोटक होत्या, आणि त्यांत अनैतिक संबंधांचा रंग भरलेला होता. सत्यशोधन पथकं गावात गेली, कार्यकर्त्यांनी फोटो आणि मजकूर हातोहात फिरवला, नोव्हेंबरात नागपूर रस्त्यावर उतरलं, तेव्हा कुठे मोठ्या माध्यमांना जाग आली. तपास नंतर सीबीआयकडे गेला. त्या पहिल्या आठवड्यांत एखादा वार्ताहर त्या कुटुंबातून वाचलेले सुरेखाचे पती भैयालाल भोतमांगे यांच्यासमोर शांतपणे बसला असता आणि त्यांचं म्हणणं पहिल्या पानावर आलं असतं, तर पोलिसांना आणि सरकारला इतका वेळ काढता आला नसता. असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य: गोसीखुर्दचा कालवा, कडेने धानाची शेतं.)

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर असलेल्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा. पुढे आकडा हजारो कोटींत गेला. कालव्याचं अस्तर कुठे उखडलं, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतं का, हे स्टुडिओत बसून कळत नाही. पवनीच्या, भिवापूरच्या वार्ताहराला ते कळतं. त्याचा धान तिथेच असतो.

पण या वार्ताहराचं जगणं बघा. मानधन नावापुरतं. खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. नेत्याचा वाढदिवस आला, दिवाळी आली, की पुरवणीचं टार्गेट येतं आणि हा माणूस गाडी काढून कंत्राटदाराच्या दारात उभा राहतो. सकाळी ज्याच्याकडून अर्ध्या पानाची जाहिरात घ्यायची, त्याच्याच निकृष्ट कामाची बातमी संध्याकाळी कशी लिहायची? तरीही काही जण लिहितात. गावात वैर घेऊन लिहितात.

जाहिरात आणण्याचं काम वार्ताहराच्या मानेवरून उतरवा, बातमीचा पगार द्या, एवढी मागणी आम्ही वृत्तपत्रांच्या मालकांकडे उघडपणे करतो. वाहिन्यांकडेही एक मागणी आहे. डिसेंबरात विधानभवनाबाहेर लावलेल्या कॅमेऱ्यांपैकी एक तरी मार्चमध्ये कालव्यावर पाठवा, मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं उत्तर तारखेसह पडद्यावर वाचून दाखवा आणि त्याच ठिकाणी उभ्या शेतकऱ्याला पाणी आलं का ते विचारा.