दाराजवळ बसवलेला माणूस

हा फोटो बघा. कानाला हेडफोन, समोर वायरलेस सेट, अंगात दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सार्जंटचा युनिफॉर्म. साठच्या दशकात अमेरिकेत ज्याच्या घरी टीव्ही होता त्याला हा चेहरा पाठ होता. 'होगन्स हीरोज' मालिकेतला सार्जंट किंचलो, सगळे नुसतं किंच म्हणायचे. १९६५ पासून पाच सीझन त्याने हे काम केलं आणि मग चालू मालिका सोडली.

याचं खरं नाव आयव्हन डिक्सन. जन्म १९३१ चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. नॉर्थ कॅरोलायनात नाटकाचं शिक्षण घेतलं, आणि १९५९ ला ब्रॉडवेवर लॉरेन हॅन्सबेरीच्या 'अ रेझिन इन द सन'मध्ये असागाई नावाच्या नायजेरियन विद्यार्थ्याचं काम मिळालं. त्या नाटकाचा दिग्दर्शक होता लॉइड रिचर्ड्स, ब्रॉडवेवरचा पहिला कृष्णवर्णीय दिग्दर्शक. म्हणजे दिग्दर्शकाच्या खुर्चीत आपल्यासारखा माणूस बसू शकतो हे डिक्सनने तालमीतच रोज बघितलं असणार, आणि मला वाटतं ही गोष्ट छोटी नाहीये.

१९६४ चा 'नथिंग बट अ मॅन' तर बघाच. डिक्सन त्यात डफ झालाय, अलाबामात रेल्वेरुळांवर काम करणारा मजूर. गोऱ्या मालकापुढे मान खाली घालत नाही म्हणून एकामागून एक कामं जातात, आणि डिक्सन ओरडत नाही हो, रडतही नाही, नुसता जबडा आवळून उभा राहतो आणि आपल्यालाच कसंतरी व्हायला लागतं.

पण मला मुख्य सांगायचंय ते १९७३ बद्दल. तोपर्यंत टीव्हीवर डायरेक्शन करून झालं होतं, १९७२ ला 'ट्रबल मॅन' हा पिक्चर पण झाला होता. आता त्याला सॅम ग्रीनलीच्या कादंबरीवर पिक्चर करायचा होता, 'द स्पूक हू सॅट बाय द डोअर', म्हणजे दाराजवळ बसलेला 'स्पूक' (या शब्दाचा अर्थ हेर, आणि काळ्या माणसाला दिलेली शिवीही). सीआयए दाखवण्यापुरता एक ब्लॅक अधिकारी भरती करते, डॅन फ्रीमन. ट्रेनिंगमध्ये सगळ्यांच्या पुढे असलेल्या या माणसाला काम काय देतात, तर झेरॉक्स काढायचं! कोणी पाहुणे आले की दिसावा म्हणून पुढे बसवायचा. तो पाच वर्षं गप्प बसून सगळं शिकून घेतो, नोकरी सोडून शिकागोला जातो आणि वस्तीतल्या पोरांना तेच गनिमी युद्ध शिकवतो. एका सीनमध्ये तो पोरांना सांगतो की हातात झाडू घेतलेल्या काळ्या माणसाकडे कोणी बघतच नाही, कुठेही जाता येतं. आणि पोरं खरंच एका बड्या साहेबाच्या टेबलावरचे पाईप त्याच्या डोळ्यांदेखत उचलून आणतात.

असल्या पिक्चरला पैसे कोण देणार? ब्लॅक समाजातल्या लोकांकडून जमतील तसे जमवले, ते संपले तेव्हा युनायटेड आर्टिस्ट्स या फिल्म कंपनीला फक्त मारधाडीचे सीन दाखवले, त्यांना वाटलं चालू फॅशनचा ॲक्शनपट आहे, त्यांनी पैसे सोडले. शिकागोने शूटिंगला परवानगी नाकारली. मग शेजारच्या इंडियाना राज्यातल्या गॅरी शहरात गेले, तिथे महापौर होता रिचर्ड हॅचर, स्वतः कृष्णवर्णीय, त्याने दारं उघडून दिली. शिकागोचे काही शॉट मात्र विनापरवाना, चोरून घेतले. संगीत हर्बी हॅनकॉकचं.

पिक्चर लागला आणि काही आठवड्यांतच थिएटरमधून उतरवला गेला. यामागे एफबीआय आहे असं ग्रीनली कायम म्हणत राहिला. प्रिंट मिळेनाशा झाल्या, व्हिडिओच्या खराब कॉप्या हातोहात फिरत राहिल्या. मूळ निगेटिव्ह वाचली ती तिजोरीत भलत्याच नावाने ठेवली होती म्हणून.

डिक्सन पुढे टीव्हीकडे वळला, 'द वॉल्टन्स', 'मॅग्नम पी.आय.', 'द ए-टीम', एपिसोडमागून एपिसोड डायरेक्ट केले. दिग्दर्शक म्हणून थिएटरसाठी असा पिक्चर पुन्हा नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण तेव्हा तो जेमतेम बेचाळीसचा होता. नंतर हवाईतल्या माउई बेटावर त्याने रेडिओ स्टेशन चालवलं.

२००४ ला पिक्चर डीव्हीडीवर आला, तेव्हा डिक्सन हयात होता. २००८ ला तो गेला. २०१२ ला अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीने तो पिक्चर जतन करायला घेतला. 'नथिंग बट अ मॅन' तिथे १९९३ पासूनच आहे. एकात तो कॅमेऱ्यासमोर, दुसऱ्यात कॅमेऱ्यामागे.