वकांडाचा राजा आणि ओकलँडचा मुलगा

नमस्कार. 'ब्लॅक पँथर' हा चित्रपट २०१८च्या फेब्रुवारीत आला, जगभरात त्याने १३० कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळवणारा तो पहिला सुपरहिरोपट ठरला. हे तुम्ही ऐकलेले असेल. त्यामुळे त्यात कृष्णवर्णीय कलाकार किती होते हे मोजत न बसता मी एका दृश्यापासून सुरुवात करते, कारण माझ्या मते चित्रपटाचे मर्म तिथेच आहे.

वकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशात नव्या राजाला एका जादुई वनस्पतीचा रस पाजून लाल मातीत पुरतात आणि तो काही काळ पूर्वजांच्या लोकात जाऊन येतो. नायक टचाला, म्हणजेच 'ब्लॅक पँथर', तिथे पोहोचतो, तेव्हा जांभळ्या आकाशाखाली विस्तीर्ण गवताळ रान पसरलेले असते आणि झाडाच्या फांद्यांवर काळे बिबटे बसलेले असतात. हाच विधी पुढे खलनायक किलमाँगर करतो, तेव्हा त्याला दिसते ती अमेरिकेतील ओकलँड शहरामधली, लहानपणी तो राहत होता ती साधी खोली. खिडकीबाहेरचे आकाश तेच, जांभळे. पण बाप मात्र त्या चार भिंतींत अडकून पडलेला. आफ्रिकेत राहिलेल्याला पूर्वज मोकळ्या रानात भेटतात, अमेरिकेत वाढलेल्याला मात्र बापाच्या मागे जाण्याची वाटच उरलेली नाही, हे इथे एकाही भाषणाविना सांगितले जाते.

हे दोघे चुलतभाऊ आहेत. १९९२मध्ये टचालाच्या वडिलांनी आपल्या सख्ख्या भावाला ओकलँडमध्ये ठार केले आणि त्याच्या लहान मुलाला तिथेच टाकून ते परतले. आपल्याकडे ज्याला भाऊबंदकी म्हणतात तीच ही कथा आहे, फक्त वाटणीचा वाद शेतजमिनीचा नसून व्हायब्रेनियम नावाच्या, वकांडाला सामर्थ्य देणाऱ्या काल्पनिक धातूचा आहे. जगभर कृष्णवर्णीयांवर अत्याचार होत असताना, हे सामर्थ्य हाती असलेले तुम्ही कुठे होतात, हा त्या पोरक्या मुलाचा सवाल आहे आणि तो गोऱ्यांना नव्हे, घरच्यांनाच विचारलेला आहे. सुपरहिरोपटांत कृष्णवर्णीय पात्र बहुधा नायकाचा मित्र म्हणून वावरत आले. इथे मतभेदाच्या दोन्ही बाजू कृष्णवर्णीयांच्याच आहेत, म्हणून प्रतिनिधित्व हा शब्द मला या चित्रपटाबाबत वापरावासा वाटतो.

दिग्दर्शक रायन कूगलर स्वतः ओकलँडचे आहेत, आणि ह्यूई न्यूटन व बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६मध्ये 'ब्लॅक पँथर पार्टी' ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना स्थापन केली तीही याच शहरात. गंमत अशी, की स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या चित्रकथेत हे पात्र त्याआधीच, जुलै १९६६च्या अंकात, अवतरले होते. पुढे नावाच्या साम्यामुळे अवघडलेल्या प्रकाशकांनी १९७२मध्ये काही काळ नायकाला 'ब्लॅक लेपर्ड' म्हणवून पाहिले. ज्या नावापासून अमेरिकेतले प्रकाशक अंग चोरत होते, तेच नाव त्याच वर्षी नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि राजा ढाले यांच्या पिढीने मुंबईत अभिमानाने उचलले आणि 'दलित पँथर' उभी राहिली, हे मराठी प्रेक्षकाला आठवल्यावाचून राहत नाही.

आता वेशभूषेकडे वळू. रूथ कार्टर यांना तिच्यासाठी ऑस्कर मिळाले आणि वेशभूषेचा हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय ठरल्या. राजमाता रमोंडाचा उंच पसरट मुकुट विवाहित झुलू स्त्रियांच्या पारंपरिक शिरोभूषणावर बेतलेला असून तो थ्री-डी प्रिंटरवर छापून घेतला आहे. सीमेवरच्या जमातीच्या अंगावर लेसोथोमधील बासोथो लोकांची घोंगडी आहेत, आणि लढाईत तीच ढाली होतात. वकांडाची भाषा म्हणून ऐकू येते ती दक्षिण आफ्रिकेतील खोसा, नेल्सन मंडेला यांची मातृभाषा. ती आली ज्येष्ठ अभिनेते जॉन कानी यांच्यामुळे. याआधीच्या, २०१६मध्ये आलेल्या चित्रपटात टचालाच्या वडिलांची, वृद्ध राजाची, भूमिका करताना त्यांनी आपल्या भाषेत बोलण्याचे सुचवले. नायकाची भूमिका करणाऱ्या चॅडविक बोजमन यांनीही इंग्रजी संवादांना आफ्रिकी वळणाचे उच्चार आग्रहाने दिले, कारण ज्या देशावर कधी परकीय राज्य आलेच नाही, त्याचा राजा लंडनच्या साहेबासारखा का बोलेल? मात्र एक शंका उरतेच. पूर्व आफ्रिकेत कल्पिलेल्या देशात दक्षिणेची भाषा, दक्षिणेचीच घोंगडी आणि पश्चिमेतील सेनेगलचे ढोल एकत्र आणले, की पन्नासहून अधिक देशांचा खंड पुन्हा एकच गाव वाटू लागतो. कलाकारांची निष्ठा मान्य करूनही हा आक्षेप मला निराधार वाटत नाही.

(जाता जाता: डोंगरातल्या जबारी जमातीच्या देवाचे नाव चित्रपटात 'हनुमान' आहे, आणि भारतातल्या पडद्यावर सेन्सॉर मंडळाने नेमका तेवढा शब्द मुका केला होता.)

माझी खरी तक्रार पटकथेशी आहे. लंडनमधील एका काल्पनिक संग्रहालयात किलमाँगर विचारतो, की या वस्तू तुमच्या पूर्वजांनी काय रास्त किंमत मोजून आणल्या? ब्रिटिश सैन्याने १८९७मध्ये आजच्या नायजेरियातील बेनिन राज्याचा राजवाडा लुटला होता, त्यामुळे या प्रश्नाला उत्तर नाही. असा नेमका बोलणारा माणूस पुढे स्वतःच्या प्रेयसीला गोळी घालतो आणि एका वृद्धेचा गळा आवळतो. त्याचा मार्ग चुकीचा होता हे दाखवण्यासाठी त्याला इतके क्रूर करण्याची गरज होती का? क्रूरतेमुळे प्रेक्षक त्याच्या मागणीचा विचार करण्यातून सुटतो, आणि जगभरच्या कृष्णवर्णीयांसाठी त्याने धाडलेली शस्त्रे घेऊन निघालेली विमाने पाडण्याचे श्रेय अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या गोऱ्या अधिकाऱ्याला मिळते. त्या संस्थेचा आफ्रिकेतला इतिहास पाहता ही योजना मला खटकते.

तरीही तो सवाल वाया जात नाही. पूर्वजांच्या लोकात दुसऱ्यांदा गेलेला टचाला बापासमोर उभा राहून, तुम्ही सगळेच चुकलात, असे सुनावतो आणि शेवटी ओकलँडला येऊन किलमाँगर लहानपणी राहत होता ती इमारत विकत घेतो. आभाळातून उतरलेल्या विमानाभोवती बास्केटबॉल खेळणारी मुले गोळा होतात, आणि त्यांतला एक मुलगा राजाजवळ येऊन विचारतो, की तुम्ही कोण आहात.