दडपादडपी आणि सारवासारव : राजकीय रहस्यकथेची बांधणी

सत्तेच्या आतल्या खुनावर कादंबरी लिहायला घेतली की लेखकाची सगळी ताकद खुनाच्या प्रसंगात जाते. हत्यार कुठलं, मारेकरी कोण, रात्र कशी होती. मग सत्तराव्या पानावर गाडी अडते, कारण खून होऊन गेलेला असतो आणि पुढे काय घडवायचं ते ठरलेलं नसतं. म्हणून मंडळी, आज खुनाबद्दल कमी बोलू. सरकारातला खून चारपाच माणसांत उरकतो. तो पचवायला मात्र कार्यालयं लागतात, आणि कार्यालय काहीही करायला गेलं की कुठेतरी नोंद होते. तुमची कादंबरी त्या नोंदींवर उभी राहणार आहे.

एक खरं प्रकरण जवळून बघू. इटलीतले समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती यांनी ३० मे १९२४ ला संसदेत उभं राहून निवडणुकीतल्या हिंसेचा आणि गैरप्रकारांचा पाढा वाचला. १० जूनला रोममध्ये तिबर नदीकाठच्या रस्त्यावर, भर दिवसा, त्यांना गाडीत कोंबून नेलं. मारेकरी मुसोलिनीच्या अगदी जवळच्या वर्तुळातले होते, पाठीशी सत्ता होती. तरी दोनच दिवसांत टोळीचा म्होरक्या दुमिनी पकडला गेला. कसा? आदल्या संध्याकाळी तीच गाडी त्या भागात घुटमळत होती. जवळच्या इमारतीच्या दारवानांना वाटलं, घरफोडीवाले टेहळणी करताहेत. त्यांनी नंबर टिपून ठेवला. नंबरावरून गाडी सापडली, आत रक्ताचे डाग सापडले, आणि गाडी घेणारा माणूस सत्ताधाऱ्यांच्या बाजूच्या एका वृत्तपत्राचा संपादक निघाला.

इथे दुवा कुणाच्या हुशारीतून आला नाही. दारवानांना राजकारणाशी देणंघेणं नव्हतं, ते आपलं रोजचं काम करत होते. तुमच्या कादंबरीतही पहिला धागा अशाच माणसाच्या हातात द्या, ज्याला आपल्याकडे काय आहे हे माहीत नाही. गाडीच्या लॉगबुकात किलोमीटर लिहिणारा, रात्रीच्या पाळीत फाटक उघडणारा, आवक-जावक रजिस्टर सांभाळणारा. दडपणारे मंत्र्याचा फोन लपवतात, फाइल जाळतात. या माणसांची आठवण त्यांना होत नाही.

आता मराठीने आपल्याला दोन फार नेमके शब्द दिले आहेत : दडपादडपी आणि सारवासारव. लेखक त्यांची गल्लत करतात आणि कथेचा वेग तिथेच जातो. दडपादडपी बातमी फुटायच्या आधीची. ती शांत असते, हाताने होते : पान काढणं, तारीख मागची घालणं, साक्षीदाराची बदली. सारवासारव बातमी फुटल्यानंतरची. ती उघड्यावर, तोंडाने, घाईत होते. पहिलीत खलनायकाच्या हातात वेळ असतो, दुसरीत वेळ त्याच्या मागे लागलेली असते. कादंबरीचा मध्य म्हणजे पहिलीतून दुसरीत जाण्याचा क्षण. तो साधारण निम्म्या पानांवर यावा. फार उशिरा आला तर शेवटी सगळं घाईत कोंबावं लागतं.

सारवासारव कशी दिसते ते जमाल खाशोगी यांच्या प्रकरणात जगाने पाहिलं. २ ऑक्टोबर २०१८ ला सौदी सत्तेवर टीका करणारा हा सौदी पत्रकार इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात गेला. आधी सौदी अधिकाऱ्यांनी सांगितलं की तो आला आणि निघूनही गेला. अडीच आठवड्यांनी : आत मारामारी झाली आणि त्यात तो मेला. आणखी काही दिवसांनी सौदी सरकारी वकिलांनीच मान्य केलं की खून पूर्वनियोजित दिसतो. तीन कथा, आणि प्रत्येक नवी कथा आधीच्या कथेला खोटं पाडते. पहिल्या कथेच्या आधारासाठी एक तोतया खाशोगींचे कपडे घालून मागच्या दाराने बाहेर पडला होता. कॅमेऱ्यांत तो दिसला. कपडे त्यांचे, दाढी तशी, पण पायातले बूट त्याचे स्वतःचे. कादंबरीत ‘बूट’ शोधा, म्हणजे अशी वस्तू जिचा विचार करायला योजना आखणाऱ्याला वेळच मिळाला नाही. सरकारी कथा दोनदा किंवा तीनदा बदलू द्या. एकदाच बदलली तर ताण येत नाही, पाचदा बदलली तर खलनायक मूर्ख दिसतो.

कागदी पुराव्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तिथे फार ढिलाई होते. नायकाला तिजोरीत ‘गोपनीय’ शिक्क्याची फाइल सापडते आणि तीत सगळं लिहिलेलं असतं! असं कोणी लिहून ठेवत नाही. खरा पुरावा विसंगतीत असतो. ड्रायफस प्रकरणात फ्रेंच लष्कराच्या गुप्तवार्ता विभागातल्या आंरी नावाच्या अधिकाऱ्याने १८९६ मध्ये ड्रायफसला, म्हणजे हेरगिरीच्या आरोपाखाली शिक्षा झालेल्या निरपराध लष्करी अधिकाऱ्याला, दोषी ठरवणारं पत्र बनवलं. खऱ्या पत्राचा मथळा आणि शेवट घेतला, मधे आपला मजकूर चिकटवला. दोन वर्षं ते पत्र अस्सल म्हणून चाललं. ऑगस्ट १८९८ मध्ये कॅप्टन क्युइन्ये रात्री दिव्याच्या उजेडात कागद तपासत होता. चौकटीच्या कागदावरच्या रेघा त्याला दोन रंगांच्या दिसल्या : काही तुकड्यांवर निळसर करड्या, काहींवर जांभळट लाल. दिवसाच्या उजेडात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि क्युइन्ये ड्रायफसच्या विरोधी गटातला होता. त्याला सापडलेलं सत्य त्यालाच नको होतं. माझ्या मते राजकीय रहस्यकथेतला सगळ्यांत जिवंत माणूस हाच. नायकाला पुरावा सापडणं नेहमीचं आहे. दडपणाऱ्यांच्याच माणसाला तो सापडतो आणि त्या रात्री तो एकटा कागद हातात धरून बसतो, हे प्रकरण लिहा.

बांधणीची रीत अशी. पहिलं पान लिहिण्याआधी एका मोठ्या कागदावर घटनेच्या आधीच्या तीन दिवसांपासून नंतरच्या दहा दिवसांपर्यंतचं सगळं खरं घडलेलं तासागणिक मांडा. प्रत्येक नोंदीपुढे चार गोष्टी लिहा : कोणी केलं, त्याचा माग कुठे राहिला, कोणाला कळलं, नायकाला कधी कळणार. मग शेजारी सरकारी कथा त्याच तासांप्रमाणे लिहा. दोन्हींत जिथे जुळत नाही तिथे खूण करा. अशा वीस-बावीस जागा निघतात. त्यांतल्या सहासात ठेवा, बाकीच्या बुजवा. नजरचुकीने न बुजवता सोडलेल्या जागा वाचक पकडतो आणि लेखकाची चूक म्हणून मोजतो, हे विसरू नका. मुद्दाम ठेवलेल्या सहासातांपैकी दोन वाचकाला नायकाच्या आधी दिसू द्या.

दडपणाऱ्यांची संख्या आठ-दहाच्या वर नको, पण प्रत्येकाला एकच छोटं काम आणि एक खरं कारण द्या. डॉक्टरने अहवालात एक शब्द मोघम केला, कारण निवृत्तीला चार महिने उरलेत. कारकुनाने मागची तारीख घातली, कारण साहेब समोर उभे होते. संपूर्ण कट माहीत असलेली माणसं दोनच असू देत. बाकी सगळ्यांना वाटतं की आपण एक किरकोळ गोष्ट केली. सगळेच सैतान असतील तर कुणीही फुटणार नाही, आणि कुणी फुटलं नाही तर कथा संपणार कशी?

मृतदेहाच्या बाबतीत तरी घाई करू नका. गळ्यातलं हायॉइड हाड मोडलं म्हणजे गळा दाबला, हे समीकरण डझनभर कादंबऱ्यांत येतं. ते हाड गळफासातही मोडू शकतं, विशेषतः वयस्क माणसात, आणि गळा दाबूनही शाबूत राहू शकतं. भरवशाचा फरक वळात असतो. लटकलेल्या शरीरावर वळ बहुधा गळ्याच्या वरच्या भागात, तिरका आणि गाठीकडे तुटलेला असतो. मागून दोरीने आवळलं तर तो आडवा, खालच्या बाजूला आणि गळाभर फिरलेला असतो. दुसरी कामाची गोष्ट म्हणजे साकळलेल्या रक्ताचे जांभळट डाग. मेल्यावर रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरतं आणि साधारण आठ ते बारा तासांत ते डाग पक्के होतात. माणूस लटकलेला सापडला आणि पक्के डाग पाठीवर असतील, तर तो बराच वेळ उताणा पडलेला होता. एवढं एक वाक्य अहवालात न खोडता शिल्लक राहिलं की आत्महत्येची सरकारी कथा संपली.

विषाचा घोट घेतला आणि कोसळला, हेही सोडा. सत्तेला सावकाश मरण सोयीचं असतं, कारण तोवर मारेकरी देशाबाहेर गेलेला असतो. रशियन गुप्तहेर खात्यातले माजी अधिकारी अलेक्झांडर लिटविनेंको १ नोव्हेंबर २००६ ला लंडनच्या एका हॉटेलात चहा प्यायले आणि २३ नोव्हेंबरला वारले. चहात पोलोनियम-२१० हे किरणोत्सर्गी विष होतं. ते अल्फा किरण सोडतं, त्यामुळे रुग्णालयातल्या नेहमीच्या किरणोत्सर्ग तपासणीत ते हाती लागलं नाही. मरणाच्या काही तास आधी निदान पक्कं झालं. पण त्याच किरणांनी पुढे घात केला : हॉटेलच्या खोल्या, विमानाच्या खुर्च्या, किटली, जिथे जिथे मारेकऱ्यांचा हात लागला तिथे माग उरला.

शेवटाबद्दल. ग्रीसचे खासदार ग्रिगोरिस लाम्ब्राकिस यांना मे १९६३ मध्ये थेस्सालोनिकीत तिचाकी वाहनातून हल्ला करून मारलं. अपघात म्हणून खपवायचा प्रयत्न झाला. तपास दंडाधिकारी सार्त्झेताकिस यांनी तो मोडून पोलीस अधिकाऱ्यांपर्यंत धागा नेला. खटल्यात तिचाकीवाल्यांना शिक्षा झाली, वरिष्ठ अधिकारी सुटले, मग लष्करी राजवट आली आणि दंडाधिकाऱ्यांचीच नोकरी गेली. १९८५ मध्ये तेच ग्रीसचे राष्ट्राध्यक्ष झाले. सत्य कळणं, ते सिद्ध होणं आणि शिक्षा होणं या तीन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यात वर्षं जातात. तुमची कादंबरी यांतल्या कुठल्या घटनेवर थांबते ते आधी ठरवा. मात्तेओत्तींचं शव ऑगस्टमध्ये रोमबाहेरच्या रानात सापडलं. पुढच्या ३ जानेवारीला मुसोलिनीने संसदेत सगळी जबाबदारी छातीठोकपणे अंगावर घेतली आणि हुकूमशाहीला मोकळं रान मिळालं. १९२६ ला मारेकऱ्यांना सहा वर्षांहून थोडी कमी शिक्षा झाली आणि माफीमुळे ते काही महिन्यांत बाहेर आले. खटला पुन्हा चालून जन्मठेप झाली ती १९४७ मध्ये, युद्ध आणि मुसोलिनी दोन्ही संपल्यावर. दारवानांनी नंबर टिपला त्याला तेव्हा तेवीस वर्षं होत आली होती.