चाळीस जणांचं सभागृह : गोव्याचे मुख्यमंत्री, १९६३पासून

मंडळी, १९९० हे एकच साल घ्या. जानेवारीत प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले. मार्चअखेर चर्चिल आलेमाव आले, त्यांना अठरा दिवस मिळाले. एप्रिलच्या मध्यावर डॉ. लुईस प्रोत बार्बोझा. डिसेंबरच्या मध्यावर तेही अपात्र ठरले आणि राष्ट्रपती राजवट लागली. जानेवारी १९९० ते ऑक्टोबर २००० या काळात गोव्यात मुख्यमंत्रिपदाच्या शपथा झाल्या तेरा, आणि त्या घेणारी माणसं आठ. म्हणजे काहींनी पुन्हा पुन्हा घेतल्या.

तुम्ही सावंतवाडीकर. बांदा ओलांडलं की गोवा. तुमच्यातले कितीतरी जण रोज तिकडे नोकरीला जातात. तेव्हा ‘गोव्याचं राजकारण म्हणजे नुसती पळापळ, ती माणसंच तसली’ हे वाक्य इथे मी नव्यानं सांगायला नको. मला ते पटत नाही. कारण याच माणसांनी त्याआधी २६ वर्षं बऱ्यापैकी स्थिर सरकारं चालवली होती. सभागृह तेव्हा आणखी लहान होतं, तीसच आमदारांचं. मग बिघडलं काय? त्याचं उत्तर स्वभावात नाही, असं माझं म्हणणं आहे.

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. पहिली निवडणूक ९ डिसेंबर १९६३ला. ज्या काँग्रेसच्या पंतप्रधानांनी सैन्य पाठवलं, त्या काँग्रेसला खुद्द गोव्यात एकही जागा मिळाली नाही. मिळाली ती दमणमध्ये, एक. लढत झाली दोन स्थानिक पक्षांत. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, म्हणत होता की गोवा महाराष्ट्रात विलीन करा. डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स, म्हणजे युगो, म्हणत होता की गोवा वेगळा ठेवा. मगो जिंकला आणि दयानंद बांदोडकर, म्हणजे भाऊसाहेब, मुख्यमंत्री झाले. गंमत अशी की भाऊसाहेबांनी ती निवडणूक लढवलीच नव्हती. ते मागाहून मडकईच्या पोटनिवडणुकीतून सभागृहात आले.

भाऊसाहेब खाणमालक होते, पैसेवाले होते. पण मतं मिळाली ती कुळांची, मुंडकारांची, ज्यांच्या घराखालची जमीनही भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची होती अशांची. मगोला मत देणाऱ्या पेडण्याच्या कुळाला मुंबईत राजधानी हवी होती म्हणून त्यानं मत दिलं, असं मला कधीच वाटलं नाही. त्याला भाटकाराच्या अंगणातून ताठ मानेनं जायचं होतं, आणि मुलाला गावातच मराठी शाळा हवी होती. १९६४चा कूळ कायदा आला. गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या.

हे माझं वाटणं नुसतं वाटणं नाही, त्याला आकड्यांचा आधार आहे. विलीनीकरणावर जनमत कौल झाला १६ जानेवारी १९६७ला. तो निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकर सरकारनं आधी डिसेंबरमध्ये राजीनामा दिला होता. विलीनीकरणाची निशाणी फूल, संघप्रदेशाची दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१चा. पक्षाच्या नावातच महाराष्ट्र, आणि त्याच मुद्द्यावर पराभव! दुसरा कुठला पक्ष असता तर संपला असता. पण अडीच महिन्यांच्या आत, मार्चअखेर, विधानसभेची निवडणूक झाली आणि तीसपैकी सोळा जागा घेऊन भाऊसाहेब परत आले. युगोला बारा. लोकांनी विलीनीकरण नाकारलं आणि बांदोडकर ठेवले. मतदार किती नेमकं बोलू शकतो याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला आपल्या देशात दुसरं माहीत नाही.

१२ ऑगस्ट १९७३ला ते पदावर असतानाच गेले. त्यांच्या जागी त्यांची मुलगी आली, शशिकलाताई काकोडकर. गोव्यात त्यांच्याआधी किंवा नंतर कुणी महिला मुख्यमंत्री झालेली नाही. आणि आपण हसायला नको, महाराष्ट्रात तर अजून एकही झालेली नाही. ताईंच्या काळात १९७५चा मुंडकार कायदा झाला, पुढच्या वर्षी कसणाऱ्याला मालकी देणारी कूळ कायद्याची दुरुस्ती झाली. १९७७ला मगोचं बहुमत काठावर आलं आणि एप्रिल १९७९मध्ये स्वतःच्याच पक्षातले मोजके आमदार फिरल्यावर सरकार पडलं. पुढे काय होणार याची ती पहिली चुणूक.

ऐंशीचं दशक मी भरभर ओलांडतो. जानेवारी १९८०मध्ये काँग्रेसचा, इंदिरा गांधींपासून फुटलेला अर्स गट जिंकला, सत्तरी तालुक्याचे प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले, आणि थोड्याच दिवसांत तो गट इंदिरा काँग्रेसमध्ये गेला. राणे मूळचे मगोचे. १९७२ ते २०२२ अशी पन्नास वर्षं ते आमदार होते आणि एकदाही हरले नाहीत. त्यांच्या दहा वर्षांतल्या स्थैर्याचं बरंचसं श्रेय दिल्लीला आहे. पण खरी घटना वेगळीच होती. १९८७च्या फेब्रुवारीत कोकणीला राजभाषा करणारा कायदा झाला, ३० मेला घटक राज्य मिळालं. दमण आणि दीव वेगळे झाले, सभागृह चाळीसचं झालं.

आता जरा थांबून बघा. विलीनीकरणाचा प्रश्न १९६७ला मिटला. जमिनीचा प्रश्न कायद्यापुरता तरी १९७६ला. भाषेचा आणि राज्याचा १९८७ला. हे प्रश्न होते तोवर आमदाराला एक बाजू होती आणि ती सोडणं महाग पडायचं. मगोचा माणूस युगोत गेला असता तर त्याला गावात तोंड दाखवता आलं नसतं. ते प्रश्न संपले आणि आमदार मोकळा झाला. गोव्यातला मतदारसंघ आजही सरासरी पंचवीस-तीस हजार मतदारांचा. आमदार घरच्या बारशाला येतो, नोकरीसाठी चिठ्ठी देतो. तो निवडून येतो स्वतःच्या नावावर. पक्ष हा अर्ज भरण्यापुरता. नोव्हेंबर १९८९ची निवडणूक ही घटक राज्याची पहिली. काँग्रेस २०, मगो १८, अपक्ष २. अशा सभागृहात एकेक माणूस सोन्याचा.

मार्च १९९०ला काँग्रेसमधून सात जण फुटले. सातच का? तेव्हाच्या पक्षांतरबंदीत एकतृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती ‘फूट’, तिला माफी. वीसचा तिसरा हिस्सा साडेसहाच्या थोडा वर, म्हणून सात. फुटणाऱ्यांचे नेते होते बार्बोझा, आणि ते त्या वेळी चक्क सभापती होते! पक्षांतराचा निवाडा ज्यानं करायचा, तोच.

त्यानंतरचा रवी नाईकांचा किस्सा कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठच असतो. नाईक मगोतून फुटून जानेवारी १९९१ला मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारीत सभापतींनी त्यांना अपात्र ठरवलं. कोर्टकचेऱ्या सुरू राहिल्या, मुख्यमंत्रिपदही सुरू राहिलं. मे १९९३मध्ये उच्च न्यायालयात निकाल विरुद्ध गेला तेव्हा ते उतरले आणि डॉ. विल्फ्रेड डिसोझा आले. फेब्रुवारी १९९४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नाईकांची अपात्रता रद्द केली. एप्रिलमध्ये राज्यपाल भानुप्रकाश सिंह यांनी केंद्राला न विचारता डिसोझांना काढून नाईकांना शपथ दिली. सहा दिवसांत डिसोझा परत, आणि राज्यपाल घरी. पण सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालातला एक भाग आजही देशभर वापरला जातो. संजय बांदेकर आणि रत्नाकर चोपडेकर या दोन आमदारांची अपात्रता मात्र कोर्टानं कायम ठेवली. पक्षाचा लेखी राजीनामा दिला नसला तरी वागण्यावरूनही पक्ष सोडला असं धरता येतं, असं ठरलं. एवढ्याशा गोव्यानं देशाला पक्षांतराचा कायदा शिकवला, तो असा.

नंतरची दहा वर्षं याचीच आवृत्ती. डिसोझांनी काँग्रेसमधून फुटून काढलेली राजीव काँग्रेस, मग मुख्यमंत्री लुईझिन फालेरो, मग फालेरोंना सोडून भाजपच्या पाठिंब्यावर फ्रान्सिस सार्दिन. सार्दिन ऑस्ट्रेलियात असताना पाठिंबा गेला आणि २४ ऑक्टोबर २०००ला मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी २००५ला पर्रीकरांनी सभागृहात ठराव जिंकला आणि त्याच दिवशी राज्यपाल एस. सी. जमीर यांनी त्यांना बडतर्फ केलं. दोन्ही बाजूंना नियम पाठ होते.

२००३ला ९१वी घटनादुरुस्ती झाली. एकतृतीयांशाची फूट रद्द झाली, आता माफी फक्त दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाला. मंत्रिमंडळालाही मर्यादा आली, सभागृहाच्या १५ टक्के. पण लहान राज्यांसाठी किमान बाराची सवलत आहे. चाळीसचे १५ टक्के होतात सहा, गोव्याला मिळतात बारा. बहुमताला लागतात एकवीस. म्हणजे काठावरच्या सरकारात निम्म्याहून जास्त आमदार मंत्री होऊ शकतात, आणि उरलेल्या नऊ जणांची महामंडळांवर सोय लावावी लागते. सत्ताधारी बाजूच्या निम्म्याहून जास्त आमदारांना मंत्रिपद देऊ शकणारं सभागृह पक्षनिष्ठेवर चालेल, अशी अपेक्षाच भाबडी आहे.

कायदा बदलला तसे आकडे बदलले. २०१७ला काँग्रेस १७, भाजप १३. तरी सरकार भाजपचं झालं, कारण गोवा फॉरवर्ड आणि मगो यांनी पर्रीकर मुख्यमंत्री असतील तरच पाठिंबा देऊ असं सांगितलं आणि ते संरक्षणमंत्रिपद सोडून आले. १७ मार्च २०१९ला ते गेले. १९ तारखेला रात्री दोनच्या सुमारास प्रमोद सावंतांचा शपथविधी झाला. मित्रपक्ष टिकावेत म्हणून दोन उपमुख्यमंत्री, सुदिन ढवळीकर आणि विजय सरदेसाई. आठवड्याभरात मगोच्या तीनपैकी दोन आमदार भाजपमध्ये गेले, ढवळीकर बाहेर. जुलैत काँग्रेसच्या पंधरापैकी दहा गेले, सरदेसाई बाहेर. सप्टेंबर २०२२ला अकरापैकी आठ, त्यात माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत. तीनपैकी दोन, पंधरापैकी दहा, अकरापैकी आठ. प्रत्येक वेळी दोनतृतीयांशाला लागतील तेवढेच, ना एक कमी ना एक जास्त. त्या आठांनी निवडणुकीआधी पणजीचं महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती. उमेदवारांना देवासमोर नेऊन उभं करावं लागलं, यातच पक्षानं आपल्या माणसांबद्दलचं मत सांगून टाकलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, २०१९पासून एकच मुख्यमंत्री आहे, मग स्थैर्य आलं की. आलंय. त्या आठ जणांनंतर सरकारच्या बाजूला तेहेतीस झाले, विरोधात सात उरले. बांदोडकरांसमोर तीसच्या सभागृहात युगोचे बारा बसायचे. भाऊसाहेबांना त्यांना उत्तरं द्यावी लागत. आजचं स्थैर्य सगळे एकाच बाजूला आल्यामुळे आहे, आणि एका गाडीत तेहेतीस जण बसले की पुढची भांडणं गाडीच्या आतच होतात. मंत्रिपदं बाराच आहेत.