काळी माती जेवढी ठोकून भराल तेवढी फरशी उचलते, ते कसं?

राम राम मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. पावसाळ्याआधी आपल्याकडं गावोगावी घरांची कामं चालू असतात आणि बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होऊन राहिली आहे, पायव्यातून निघालेली काळी माती वाया कशाला घालवायची म्हणून तीच जोत्यात भरायची, वरून दणादण धुम्मस मारायची, आणि मिस्त्री सांगतो भाऊ, अशी दाबली की आता हलतच नाही.

हलते. आणि चांगली दाबली म्हणूनच जास्त हलते.

यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, आपल्या या भागातली काळी माती बेसाल्ट दगड झिजून बनली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण म्हणजे पापडाची चवड लावावी तसे एकावर एक पापुद्रे, एकेक जेमतेम 1 नॅनोमीटर जाड. दोन पापुद्र्यांच्या मधात सोडियम, कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले बारीक कण, बसलेले असतात आणि त्यांना पाण्याची जबरदस्त ओढ, त्यामुळे पाणी आलं की ते मधात शिरतं, आधी एक थर, मग दुसरा, मग तिसरा, आणि पापुद्रे दूर सरकत जातात. सरकणं अगदी बारीक, पण पापुद्रे किती आहेत ते पाहा ना, 1 ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइट पूर्ण सुटं केलं तर त्याचं क्षेत्रफळ 700-800 चौरस मीटर भरतं. सात-आठ गुंठे, चिमूटभर मातीत!

आता दाबण्याचं पाहू. भुसभुशीत माती भिजली की आधी स्वतःच्याच पोकळ जागेत फुगते. धुम्मस मारून तुम्ही ती पोकळी संपवली, तेवढ्याच जागेत जास्त पापुद्रे कोंबले, आता फुगायला आत जागाच नाही म्हणून सगळा जोर वर लागतो. त्यात माती कोरडी असताना ठोकली असेल तर अजून वाईट, कारण तिची तहान तशीच शिल्लक असते.

जोर किती? 4 इंच काँक्रीटचं वजन चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास. घट्ट दाबलेली काळी माती भिजल्यावर तेवढ्याच जागेवर पाच-दहा टनांनी सहज ढकलू शकते. भिंतीवर छताचं वजन असतं म्हणून ती बऱ्यापैकी तग धरते, फरशी बिचारी उचलली जाते. असं घर ओळखायचं असेल तर खोलीच्या मधोमध तांब्याभर पाणी ओता, ते चारी भिंतींकडं पळेल. आणि दाराखाली पाहा, दार उघडताना घासून-घासून फरशीवर अर्धगोल ओरखडा पडलेला असतो.

लोक म्हणतात, पाइप तर फुटला नाही, मग पाणी आलं कुठून? अहो, जमिनीतली ओल आधी वर येऊन उन्हानं उडून जायची, तुम्ही तिच्यावर फरशीचं झाकण घातलं, आता ती उडत नाही, हळूहळू घराखाली जमा होते. म्हणून त्रास कधीकधी दोन-तीन वर्षांनी दिसतो, आणि तोवर मिस्त्री दुसऱ्या गावी गेलेला असतो.

(दोन नळ्या जवळून दाखवतो)

आपली माती किती फुगते, ही टेस्ट घरी होते. वाळवून, बारीक चाळलेली माती 10-10 ग्रॅम, खुणा असलेल्या दोन उभ्या नळ्यांत. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, 100 मिलीच्या खुणेपर्यंत. हलवून बुडबुडे काढा, 24 तास ठेवा. रॉकेल पापुद्र्यांच्या मधात शिरत नाही, म्हणून तिथं माती आहे तेवढीच राहते. समजा रॉकेलमध्ये माती 10 मिलीवर बसली आणि पाण्यात 16 वर, तर फुगणं 60 टक्के. 50 च्या वर गेलं की सांभाळा बाप्पा! पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी तर ही टेस्ट कराच, तिकडच्या चोपण जमिनीत सोडियम जास्त आणि सोडियमवाली माती जास्त फुगते.

मग जोत्यात भरायचं काय? मुरूम. पाणी मारून, थराथरानं दाबलेला. नुसती रेती नको, तिच्यातून पाणी सरळ खालच्या काळ्या मातीत उतरतं. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी हेच काम केलं, फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा जाड थर दाबून बसवायचा, कालव्यांच्या कामात ही पद्धत वापरली गेली. मुरूम दूर असेल तर मातीत चुना मिसळण्याचा मार्ग आहे, कॅल्शियममुळे फुगणं बरंच कमी होतं, पण प्रमाण इंजिनियरला विचारूनच ठरवा. आणि न्हाणीचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरू देऊ नका, नाली काढून लांब न्या.

पायव्यातून निघालेली काळी माती टाकून मात्र देऊ नका. वरच्या हातभर थराची माती वेगळी काढा आणि ट्रॉलीनं हलक्या, बरड वावरात नेऊन पसरवा, तिथं ती पाणी धरून ठेवते.